कालुंदराला मान नको, जागा द्या

महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. केरळने २०१० सालीच करीमीनला हा मान दिला होता. गोव्याने शेवट्याची निवड केली. अशी घोषणा झाली की माझे जुने विद्यार्थी फोन करतात आणि विचारतात, "मॅडम, आपल्या कालुंदराचं काय?" केरळचा करीमीन आणि आपला कालुंदर हा एकच मासा. तिथे त्याचं एवढं कौतुक, मग इथे का नाही, असं त्यांना वाटतं. त्यांचा जिव्हाळा मला कळतो, तरी माझं म्हणणं वेगळं आहे. कालुंदराला मान नको, पिल्लं वाढवायला जागा हवी. ती जागा गोव्यात आणि सिंधुदुर्गात आपण दर वर्षी थोडी थोडी काढून घेतो आहोत, आणि त्याच पाण्यात त्याच्या कुळातला एक परका मासा आपल्याच हातांनी सोडतो आहोत.

माझं माहेर आरोंद्याच्या बाजूला, तेरेखोलच्या खाडीकाठी. सासर गोव्यातल्या तिसवाडीत, खाजनाला लागून. नोकरीची सगळी वर्षं मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. त्यामुळे हा मासा मला बांधावरून, तव्यावरून आणि सूक्ष्मदर्शकाखालून, तिन्ही बाजूंनी ओळखीचा आहे. रवा लावून खमंग तळलेला कालुंदर मी आजही आवडीने खाते. तो खाऊ नका असं सांगायला मी हा लेख लिहीत नाही. माझ्या नातवंडांनाही तो खायला मिळावा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

ज्यांनी तो फक्त ताटात पाहिला आहे त्यांनी एकदा तरी जिवंत पाहावा. उभट, चपटा देह. हिरवट-राखाडी अंगावर आठेक गडद उभे पट्टे, आणि खवल्याखवल्यावर मोत्यासारखा पांढरा ठिपका. छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग. स्वच्छ पाण्यात, वरून ऊन पडलेलं असताना जोडी वळली की ते ठिपके एकदम उजळतात. एरवी हाताएवढा मिळणारा हा मासा चाळीस सेंटिमीटरपर्यंतही वाढू शकतो. त्याचं शास्त्रीय नाव एट्रोप्लस सुराटेन्सिस. मार्कुस एलिझर ब्लॉख या जर्मन वैद्याने १७९० साली त्याची शास्त्रीय नोंद केली.

कालुंदर सिक्लिड कुळातला. हे नाव नवीन वाटलं तरी कुळ आपल्या घराघरांत आहे. काचेच्या टाकीतला एंजलफिश, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न ही सगळी याच कुळातली मंडळी. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि आफ्रिकेच्या मोठ्या सरोवरांत या कुळाने रंगांची उधळण केली आहे. त्याच्या सतराशेच्या आसपास जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. भारताच्या वाट्याला त्यातल्या फक्त तीन मूळच्या जाती आल्या. दुकानातून रंगीत सिक्लिड हौसेने घरी आणणाऱ्या माणसाला आपल्या खाडीतल्या सिक्लिडची ओळख नसावी, याचं मला वाईट वाटतं.

या तिघांतला पहिला कालुंदर. तो खाडीच्या मचूळ पाण्यातला, पण गोड्या पाण्याच्या तळ्यातही सुखाने राहतो. दुसरा लहानखुरा, बोटभर लांबीचा. पिवळ्या-नारिंगी अंगाचा, कुशीवर काळे ठिपके असलेला. इंग्रजीत त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात, आणि जगभरच्या मत्स्यपालकांच्या टाक्यांत तो पोहोचला आहे. केरळ आणि श्रीलंकेच्या पाण्यात तो कालुंदराच्या शेजारी नांदतो. तिसरा निव्वळ गोड्या पाण्यातला, आपल्याच सह्याद्रीच्या उतारावरचा. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या नेत्रावती आणि कुमारधारा या नद्यांच्या परिसराबाहेर त्याला जगात फारसं घर नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७७मध्ये त्याचं वर्णन केलं आणि कानडा प्रदेशावरून त्याला कॅनरेन्सिस हे नाव दिलं. आज तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात असलेली जाती म्हणून नोंदलेला आहे. सुंदर असल्यामुळे हौशी लोकांसाठी तो पकडलाही जातो. ज्याचं सगळं घर एक-दोन नद्यांपुरतं आहे, त्या माशाला एक प्रकल्प किंवा एक विषारी हंगामसुद्धा संपवू शकतो.

या तिघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून वेगळे झाले त्याला सुमारे नऊ कोटी वर्षं झाली. जमीन तुटली तेव्हाच ही घराणी वेगळी झाली असं काही संशोधक मानतात. काहींच्या मते यांचे पूर्वज त्यानंतर समुद्र ओलांडून आले. मत कोणतंही घ्या, आपल्या खाडीतला हा मासा आपल्या कोणत्याही देवळापेक्षा, किल्ल्यापेक्षा आणि गावापेक्षा कितीतरी प्राचीन आहे.

आता मुख्य गोष्ट. पापलेट किंवा शेवटो अंडी घालतो तेव्हा ती लाखांच्या हिशेबाने पाण्यात सोडून निघून जातो. त्यातली थोडी जगतात, आणि तेवढ्यावर वंश चालतो. कालुंदराचा संसार असा नाही. नर आणि मादी जोडी करून राहतात. बाहेरून दोघं इतकी सारखी दिसतात की मला इतक्या वर्षांनीही खात्रीने सांगता येत नाही. जोडी आधी एक घट्ट पृष्ठभाग निवडते. पाण्यातला चिरा, कांदळाचं मूळ, बुडालेलं लाकूड, नारळाचा बुंधा, काहीही, पण घट्ट हवं. मग दोघं तोंडाने तो भाग चोखून चोखून साफ करतात. शेवाळ नको, गाळ नको. त्यावर मादी अंडी एकेक करून चिकटवते, प्रत्येक अंडं बारीक देठाने. त्यानंतर चार-पाच दिवस दोघं पाळी लावून उभी राहतात. परांनी वारा घालावा तसं पाणी हलवत राहतात आणि खराब झालेली अंडी उचलून टाकतात. पिल्लं बाहेर आली की त्यांना तोंडात धरून जवळच्या चिखलात केलेल्या खळग्यांत नेऊन ठेवतात. पिल्लं पोहू लागली तरी आईबाप सोडून जात नाहीत. कित्येक आठवडे तो थवा दोघांच्या मधून फिरत असतो.

मी वर्गात हे शिकवायची तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही बाजूला ठेवून ऐकायची. नारिंगी भावंडाची गोष्ट सांगितली की आणखी गप्प व्हायची. त्याची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव टोचून खातात आणि त्यावर वाढतात. जॅक वॉर्ड आणि जॉर्ज बार्लो यांनी १९६७मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पुढे १९७२मध्ये रिचर्ड वाईमन आणि वॉर्ड यांनी दाखवलं की नारिंगी माशाची लहान पिल्लं कालुंदराचं अंग टोचून साफ करतात, आणि कालुंदर त्यासाठी शांत उभा राहतो. तोच नारिंगी मासा संधी मिळाली की कालुंदराची अंडीही खातो. म्हणजे एकाच पाण्यात शेजार, सेवा आणि चोरी सगळं एकत्र नांदतं, आणि तरीही दोघांचे वंश चालतात, कारण अंडी राखायला आईबाप जागेवर असतात.

इथेच या माशाचं बळ आहे, आणि इथेच त्याचं मरण आहे. राखण करायची तर डोळ्यांना दिसलं पाहिजे. श्रीलंकेच्या किनारी सरोवरांत वॉर्ड आणि समरकून यांनी केलेल्या अभ्यासात असं आढळलं की हे मासे पावसाळ्याचं गढूळ पाणी टाळून, पाणी निवळ असतं त्या काळात पिल्लं काढतात. आमच्या तेरेखोलच्या काठालाही मी जोड्या पाहिल्या त्या थंडीत, आणि पुन्हा पावसाच्या आधी उन्हाळ्यात. अंडी चिकटवलेली असल्यामुळे ती हलवता येत नाहीत. पाणी अचानक उतरलं तर ती उघडी पडून वाळतात. वरून गाळ बसला तर गुदमरतात. आणि जोडी राखणीला असताना पळून जात नाही, म्हणून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्याला तिच्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. एका फेकीत दोघं येतात, आणि मागे राहिलेला थवा तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो.

कालुंदराच्या मागण्या म्हणून अगदी थोड्या आहेत: घट्ट पृष्ठभाग, निवळ पाणी, न हलणारी पातळी आणि काही आठवड्यांची शांतता. या चारही गोष्टी कोकणच्या माणसाने शतकानुशतकं नकळत त्याला पुरवल्या. गोव्यात त्या व्यवस्थेला खाजन म्हणतात, आमच्या सिंधुदुर्गात खारभूमी. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखल, चिरे आणि पेंढा वापरून बांध घालायचा. बांधात मानस ठेवायची, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या जोराने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. आत सखल भागात पाण्याचं तळं राहतं. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर कोरगुटासारखं खाऱ्याला दाद न देणारं भात घ्यायचं आणि कापणीनंतर मासे. गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन असल्याचं सांगितलं जातं, आणि तिच्यामागे किमान दीड-दोन हजार वर्षांचा अनुभव उभा आहे.

बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला लावलेले चिरे, मानशीच्या दगडी कडा, आतल्या तळ्याच्या काठची कांदळाची मुळं, एवढीच कालुंदराची बाळंतिणीची खोली. माझे वडील दर वर्षी भाताची मळणी उरकली की गड्यांना घेऊन बांधावर जायचे. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, निखळलेला चिरा पुन्हा बसवायचा. मला म्हणायचे, "बांद आसा म्हणान मासो आसा, चेडवा." त्यांनी प्राणिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पण मी नंतर पुस्तकात जे वाचलं, ते त्यांच्या त्या वाक्यात सगळं होतं.

ही व्यवस्था ढासळली ती एका दिवसात नाही. गोव्यात बांध राखण्याचं काम गावकरी, म्हणजे कोमुनिदाद करायची. तिचे नियम कडक होते, आणि मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जायचा. १९६४च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण बांधाची जबाबदारी हस्तांतरित होताना तिच्यामागचा पैसा आणि शिस्त दोन्ही पातळ झाली. महाराष्ट्रात १९७९च्या कायद्याने खार जमिनींचं काम शासनाच्या हाती आलं. गावाला वाटू लागलं, बांध सरकारचा. सरकार निधी आला तर दुरुस्ती करणार. निधी येईपर्यंत दोन पावसाळे जातात, आणि पहिल्या भगदाडाची मग खिंड होते.

त्यानंतर तीन माणसं येतात. पहिला मासेमारीचा ठेकेदार. त्याला भातात रस नाही. त्याला मानस हवी तेव्हा उघडायची आणि हवी तेव्हा मिटायची असते. उधाणाला पाणी आत घेऊन ओहोटीला दारात बारीक आसाचं जाळं लावलं की बोटाएवढी पिल्लंही सुटत नाहीत. तळं एका रात्रीत रिकामं होतं आणि दगडांवरची अंडी उन्हात पडतात. दुसरा वाळू उपसणारा. त्याच्या पंपाने खाडीचा तळ ढवळला जातो, पाणी महिनोन्‌महिने गढूळ राहतं, आणि जिथे चिरा होता तिथे गाळाचा थर बसतो. गोव्याच्या नद्यांनी हाच त्रास लोह खाणींच्या मातीमुळे अनेक वर्षं सोसला आहे. तिसरा भराव घालणारा. पडीक खाजन दिसलं की त्याला प्लॉट दिसतो. खरं तर २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्यांचं मोजमाप व्हावं आणि ती राखली जावीत, असं कागदावर स्पष्ट लिहिलं आहे. माती टाकणारा ट्रक रात्री येतो, त्या वेळी हा कागद कोणाच्या हातात नसतो.

बांध फुटला की काही जण म्हणतात, बरं झालं, खाडी मोकळी झाली, मासे वाढतील. काही मासे वाढतातही. कांदळवन परतलं तर कोळंबी, शेवटो, तांबोशी यांची पिल्लं तिथे आसरा घेतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण ज्याची अंडी जागेला चिकटलेली असतात, त्याला दिवसातून दोनदा चढणारं-उतरणारं उघडं पाणी पुरत नाही. त्याला आतलं स्थिर तळं लागतं. त्यामुळे खाजन आणि कांदळवन यांतलं एक निवडण्याचा प्रश्नच नाही. बांधाच्या बाहेर कांदळ आणि आत तळं, हीच जुनी रचना होती आणि तीच योग्य होती.

एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, आपण तिलापिया आणला. मोझांबिक तिलापिया १९५२मध्ये भारतात आणला गेला. स्वस्त प्रथिनं मिळावीत हा हेतू चांगला होता. पुढे तो देशभर पसरला. उजनी धरणाच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात आणि भिगवणच्या बाजारात त्याचे ढीग लागतात. तोही सिक्लिडच, पण त्याची पिल्लं राखायची रीत निराळी. मादी अंडी तोंडात घेऊन हिंडते. तिला दगड नको, निवळ पाणी नको, स्थिर पातळी नको. गढूळ, गाळाने भरलेल्या, वरखाली होणाऱ्या पाण्यात तिची पिल्लं आईच्या तोंडात सुरक्षित असतात. शिवाय तिलापिया दोन-तीन महिन्यांचा झाला की विणीला येतो, आणि शेवाळापासून इतरांच्या अंड्यांपर्यंत मिळेल ते खातो.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. आपण खाडीचं जे जे बिघडवतो, ते कालुंदराला मारतं आणि तिलापियाला चालतं. म्हणून बिघडलेल्या पाण्यात तिलापिया वाढला तर त्यात नवल नाही. ते पाणी आपण त्याच्यासाठीच तयार केलं आहे. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जीवांच्या यादीत मोझांबिक तिलापियाचं नाव आहे. आणि त्याच्या स्वतःच्या घरी, आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांमध्ये, तोच मासा आज संकटात आहे, कारण तिथे नाईल तिलापिया सोडला गेला आणि दोघांचा संकर होऊ लागला. घराबाहेर काढलेला मासा दुसऱ्याचं घर मोडतो, आणि त्याच्या घरात तिसरा घुसतो. यात माशाचा दोष कुठेच नाही. सोडणारे हात माणसाचे आहेत.

उजनीच्या काठच्या ज्या घरांची चूल चिलापीवर पेटते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे तो आता काढून टाकता येणार नाही, आणि कोणाचा रोजगार हिरावून मासा वाचवावा असं मला वाटत नाही. पण जिथे अजून कालुंदर आहे, तिथल्या पाण्यात तो सोडणं थांबवता येतं. आमच्या माहेरच्या शेजारगावात एका योजनेखाली शेततळ्यात तिलापियाचं बीज टाकलं गेलं. तळ्याचा सांडवा ओढ्याला, ओढा खाडीला. पहिल्याच मोठ्या पावसात तळं भरून वाहिलं. कोणी मुद्दाम वाईट केलं नाही. पाणी कुठे जातं, हे विचारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच. टाकीतला कंटाळवाणा झालेला फ्लॉवरहॉर्न विहिरीत किंवा तलावात "मोकळा" करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमची ती दया दुसऱ्या माशाच्या पिल्लांवर उलटते.

केरळकडून आपण राज्य माशाचा किताब उसना घेऊ नये, तिथला अनुभव घ्यावा. करीमीनवर तिथे जेवढं प्रेम आहे तेवढं भारतात क्वचितच एखाद्या माशावर असेल. नारळाच्या कोवळ्या पात्या बांधलेली दोरी पाण्यातून ओढायची, घाबरून चिखलात दडलेला मासा बुडी मारून हाताने धरायचा, अशी जुनी पद्धतसुद्धा त्यांच्याकडे आहे. पण किताबाने मागणी वाढली, पाणी वाढलं नाही. १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कम इथे घातलेल्या बांधामुळे वेंबनाड सरोवराचा दक्षिण भाग वर्षातले काही महिने समुद्राच्या पाण्यापासून तुटतो. भाताला त्याचा फायदा झाला, माशांना मोठा फटका बसला. मग तिथल्या मच्छीमारांनीच एका संशोधन संस्थेच्या मदतीने मुहम्माच्या परिसरात पाण्यात राखीव जागा केल्या. बांबू आणि फांद्या रोवून थोडं पाणी अडवलं, आणि त्या कुंपणात कोणीही जाळं टाकायचं नाही असा नियम स्वतःवर घालून घेतला. माशाला घट्ट आधार मिळाला आणि शांतता मिळाली. या उपायाला फार पैसा लागत नाही, लागतं ते गावाचं एकमत.

आणखी एक उत्तर नेहमी दिलं जातं: बीज तयार करा, पिंजऱ्यात वाढवा, प्रश्न मिटला. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जल मत्स्यपालन संस्थेने कालुंदराचं बीज तयार करण्याचं तंत्र विकसित केलं आहे, आणि ते आपल्या तरुणांनी शिकावंच. हा मासा मुख्यतः शेवाळ आणि कुजका पाला खाणारा, त्यामुळे त्याला महागडं खाद्य लागत नाही. तिलापियापेक्षा सावकाश वाढतो, पण भाव चांगला मिळतो. खाडीवरचा ताण त्यामुळे कमी होईल. मात्र पिंजऱ्यातलं पीक म्हणजे खाडीतला वंश नव्हे. ज्या पाण्यात एका जोडीला महिनाभर उभं राहता येत नाही, त्या पाण्यात हजार पिल्लं सोडून काय साधणार?

मग करायचं काय? पहिलं, खाडीला किंवा नदीला जोडलेल्या कोणत्याही पाण्यात तिलापियाचं बीज देऊ नये. शेततळ्याच्या योजनेत सांडवा कुठे जातो हे अर्जातच विचारावं, आणि गोवा व सिंधुदुर्गात अनुदान कालुंदराच्या बीजाला द्यावं. दुसरं, मानशीचा ठेका देताना अटी लिहाव्यात: जाळ्याचा आस किती, तळ्यात किमान किती पाणी राखायचं, विणीच्या आठवड्यांत दारं कशी चालवायची. ठेक्याच्या पैशातला ठरावीक वाटा थेट बांधाच्या दुरुस्तीला जावा. तिसरं, बांध दुरुस्त करताना गुळगुळीत काँक्रीटची भिंत घालू नये. चिखल आणि चिरा यांचाच बांध बांधावा, पाण्याकडे दगडांच्या सांदी ठेवाव्यात आणि पुढचं कांदळ तोडू नये. चौथं, आपली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि ती समुद्रासाठी, यांत्रिकी होड्यांसाठी. खाडीतल्या कालुंदराला तिचा उपयोग नाही. प्रत्येक खाडीसाठी विणीचा काळ वेगळा ठरवून, तेवढ्यापुरती काही ठिकाणं पागेला बंद ठेवावीत. हा काळ पागवाल्यांना पक्का ठाऊक असतो. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी त्यांच्यासोबत दोन हंगाम बसून नोंदी केल्या तर आधाराला पुरावा तयार होईल. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे आज शिकवतात, त्यांच्याकडे मी हे काम हक्काने मागते आहे.

बाजारात जाणाऱ्यांनाही एक विनंती. तळहातापेक्षा लहान कालुंदर टोपलीत दिसला तर घेऊ नका, आणि का घेत नाही ते मासेवालीला सांगा. ती समजून घेते. तिचंही पोट उद्याच्या माशावर आहे, आणि हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

शेवटचं सांगणं खाडीकाठच्या गावांना. सरकार योजना करील तेव्हा करील. गोव्यात असो की सिंधुदुर्गात, पुढच्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडता येतो: आपल्या हद्दीतला बांधाचा एक तुकडा आणि त्याच्या आतलं तळं गाव स्वतः राखेल, तिथे तिलापिया सोडणार नाही, आणि विणीच्या काळात तिथे पाग पडणार नाही. ठरावाला निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. ज्या गावांनी शतकानुशतकं समुद्र बांधाबाहेर रोखून धरला, त्यांना एक तळं राखणं अवघड नाही. मांडा तो ठराव, आणि बांधाच्या कामाला हात लावायची वेळ येईल तेव्हा मलाही बोलवा.